खर्चाची नोंद चोख, परिणामांचा हिशेब अपुरा : श्रीपेरुंबुदूरचा धडा

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले श्रीपेरुंबुदूर तीन कारणांनी ओळखले जाते. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून हे गाव वैष्णवांना वंदनीय आहे. २१ मे १९९१ रोजी माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची हत्या येथेच झाली. आणि गेल्या तीन दशकांत मोटारी, भ्रमणध्वनी संच आणि घरगुती उपकरणे तयार करणाऱ्या कारखान्यांमुळे देशाच्या औद्योगिक नकाशावर या गावाला अग्रस्थान मिळाले आहे.

यांपैकी दुसरे आणि तिसरे कारण एका प्रश्नाने परस्परांशी जोडले गेले आहे. १९८५ मध्ये ओडिशातील दुष्काळग्रस्त कालाहंडी जिल्ह्याच्या दौऱ्यात राजीव गांधी यांनी एक कबुली दिली होती. सरकारने खर्च केलेल्या एका रुपयातील केवळ १५ पैसे गरिबांपर्यंत पोहोचतात, असा तिचा आशय होता. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात केंद्रात कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय स्थापन करण्यात आले. सरकारी योजना जाहीर झाल्यानंतर त्यांचे पुढे काय होते, यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी या मंत्रालयावर सोपविण्यात आली होती. हा प्रश्न आजही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि श्रीपेरुंबुदूरच्या औद्योगिक वाटचालीत त्याचे उत्तर आणि त्या उत्तरातील उणिवा दोन्ही स्पष्ट दिसतात.

पाहणी यंत्रणेची सात दशके

योजनांच्या मूल्यमापनाची कल्पना भारताला नवी नाही. सामुदायिक विकास कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, त्याच सुमारास १९५२ मध्ये नियोजन आयोगाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. नवस्वतंत्र देशांमध्ये अशी स्वतंत्र संघटना उभारणाऱ्या पहिल्या काही देशांत भारताचा समावेश होतो. १९८५ च्या मंत्रालयाकडे वीस कलमी कार्यक्रमाचा आणि मोठ्या प्रकल्पांचा आढावा आला. १९९९ मध्ये हे मंत्रालय सांख्यिकी विभागात विलीन झाले. सध्याचे सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय १५० कोटी रुपये आणि त्याहून अधिक खर्चाच्या केंद्रीय प्रकल्पांवर देखरेख ठेवते.

२००५ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी संसदेत पहिले ‘आउटकम बजेट’, म्हणजे फलनिष्पत्तीवर आधारित अंदाजपत्रक सादर केले. किती पैसा खर्च झाला यापेक्षा त्यातून काय साध्य झाले हे सांगावे, अशी त्यामागील अपेक्षा होती. २०१३ मध्ये स्वतंत्र मूल्यमापन कार्यालय सुरू झाले, परंतु ते फार काळ टिकले नाही. २०१५ मध्ये हे कार्यालय आणि १९५२ ची संघटना एकत्र करून नीती आयोगाच्या अंतर्गत विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय स्थापन करण्यात आले.

यंत्रणांची उणीव नव्हती, हे या इतिहासावरून लक्षात येते. तथापि या यंत्रणांनी प्रामुख्याने दोनच गोष्टी मोजल्या : काम वेळेत झाले का आणि मंजूर रकमेत झाले का. रस्ता, पूल किंवा धरण यांच्या बाबतीत ही मोजणी पुष्कळ अंशी पुरेशी ठरते. परंतु धोरणाचा उद्देश रोजगार, कौशल्य किंवा सुरक्षितता हा असेल, तर काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरून तो साध्य झाला की नाही, हे समजत नाही.

नोकियाची आठ वर्षे

या मर्यादेचे ठळक उदाहरण म्हणजे श्रीपेरुंबुदूर येथील नोकियाचा कारखाना. एप्रिल २००५ मध्ये फिनलंडच्या या कंपनीने तामिळनाडू सरकारशी करार केला. राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे ‘सिपकॉट’ची सुमारे २१० एकर जमीन, विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा, विक्रीवरील करांचा परतावा आणि अखंड वीजपुरवठ्याची हमी अशा सवलती तिला देण्यात आल्या. २००६ च्या प्रारंभी उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच हा कारखाना जगातील सर्वांत मोठ्या भ्रमणध्वनी कारखान्यांपैकी एक बनला. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे आठ हजार कामगार थेट नोकरीत होते. त्यांत लहान गावांतून आलेल्या तरुण मुलींची संख्या मोठी होती. सुटे भाग पुरविणाऱ्या कंपन्याही त्याच आवारात दाखल झाल्या.

करारातील कलमांच्या कसोटीवर पाहिल्यास हे धोरण यशस्वी ठरले होते. जमीन दिली गेली, गुंतवणूक झाली, निर्यात वाढली, नोकऱ्याही निर्माण झाल्या. मात्र त्यानंतर परिस्थिती पालटली. स्मार्टफोनच्या स्पर्धेत नोकिया मागे पडली. जानेवारी २०१३ मध्ये प्राप्तिकर विभागाने कारखान्याची तपासणी केली आणि हजारो कोटी रुपयांच्या करविवादाला तोंड फुटले. मार्च २०१४ मध्ये राज्य सरकारनेही सुमारे २,४०० कोटी रुपयांच्या विक्रीकराची मागणी केली. एकीकडे करसवलती देऊन बोलावलेला उद्योग आणि दुसरीकडे करवसुलीची नोटीस, असे चित्र निर्माण झाले. नोकियाचा भ्रमणध्वनी व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. पण करविवादात अडकलेला हा कारखाना त्या व्यवहारातून वगळण्यात आला.

बहुसंख्य कामगारांनी त्याच वर्षी स्वेच्छानिवृत्ती पत्करली. १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन थांबले. डिसेंबरमध्ये त्याच आवारातील फॉक्सकॉनचे कामही बंद पडले. पुढे २०१८ मध्ये भारत आणि फिनलंड यांच्यातील कर-समझोत्याने केंद्राशी असलेला वाद मिटला. नोव्हेंबर २०१९ मध्ये साल्कॉम्प या कंपनीने बंद कारखाना विकत घेत असल्याची घोषणा झाली. इमारत पुन्हा वापरात आली आणि नवे कामगार भरती झाले.

सरकारी नोंदींनुसार एका गुंतवणुकीची जागा दुसऱ्या गुंतवणुकीने घेतली. परंतु पंचविशीच्या आत-बाहेर नोकरी गमावलेल्या त्या हजारो मुलींचे पुढे काय झाले, हे सांगणारी कोणतीही नोंद ठेवणे या धोरणात अभिप्रेतच नव्हते. करार कंपनीशी होता आणि देखरेखही कंपनीवर होती. ज्यांच्या नावाने सवलतींचे समर्थन झाले, त्या कामगारांचा मागोवा घेण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती.

‘कॅग’चे आकडे

नोकियाचा कारखाना ज्या महिन्यात बंद पडला, त्याच नोव्हेंबर २०१४ मध्ये भारताच्या नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा विशेष आर्थिक क्षेत्रांविषयीचा अहवाल संसदेत मांडला गेला. देशभरात अधिसूचित झालेल्या सुमारे ४५,६३५ हेक्टर जमिनीपैकी २८,४८८ हेक्टर जमिनीवरच प्रत्यक्ष कामकाज सुरू झाल्याचे त्यात नमूद होते. २००६-०७ ते २०१२-१३ या काळात या क्षेत्रांना ८३,१०४ कोटी रुपयांच्या करसवलती मिळाल्या होत्या. तपासलेल्या नमुन्यात रोजगाराच्या उद्दिष्टातील तूट सुमारे ६६ टक्क्यांपासून ९७ टक्क्यांपर्यंत आढळली.

या अहवालाचे महत्त्व केवळ आकड्यांमध्ये नाही. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा २००५ चा. त्याचे नियम २००६ मध्ये लागू झाले. म्हणजे रोजगाराचे अंदाज आणि वस्तुस्थिती यांची देशपातळीवर तुलना लोकांसमोर येण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागला. तोपर्यंत सवलती देऊन झाल्या होत्या, जमिनी हस्तांतरित झाल्या होत्या आणि श्रीपेरुंबुदूरमधील सर्वांत गाजलेला प्रकल्प बंदही झाला होता. लेखापरीक्षण हे स्वभावतःच घडून गेलेल्या गोष्टींचे परीक्षण असते. वाटेत चूक दुरुस्त करणे हे देखरेखीचे काम आहे, आणि नेमके तेच होऊ शकले नव्हते.

दाराच्या आतील मोजणी

मोजणी झाली तरी ती योग्य प्रश्नाची झाली का, हा पुढचा मुद्दा आहे. त्याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. श्रीपेरुंबुदूरजवळ अॅपलचे आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात जुळणीच्या कामासाठी विवाहित स्त्रियांना डावलले जाते, असे वृत्त रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जून २०२४ मध्ये दिले. कंपनीने भेदभावाचा आरोप ठामपणे नाकारला. केंद्रीय कामगार मंत्रालयाने राज्याकडून अहवाल मागविला आणि कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी जुलै महिन्यात कारखान्याला भेट दिली. त्यांना मिळालेल्या माहितीनुसार तेथील ४१,२८१ कर्मचाऱ्यांपैकी ३३,३६० स्त्रिया होत्या आणि त्यांपैकी २,७५०, म्हणजे सुमारे ८ टक्के, विवाहित होत्या.

काही विवाहित स्त्रिया कामावर आहेत, एवढे या पाहणीतून निश्चित झाले. परंतु तक्रार होती ती भरतीविषयी. ज्यांना दारातूनच परत पाठविले जाते त्या स्त्रिया कामगारांच्या हजेरीपटावर कशा सापडणार? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. अधिकाऱ्यांनी भरतीची कागदपत्रे तपासलीच नाहीत, नोकरीत असलेल्यांच्या सांगण्यावर ते विसंबले, असे मत नोंदवून आयोगाने फेरतपासणीचा आदेश दिला. ही बाब जानेवारी २०२५ मध्ये उघड झाली.

लाभार्थींची संख्या मोजणाऱ्या कोणत्याही योजनेला हा आक्षेप लागू पडतो. शिधापत्रिका किती वाटल्या हे मोजले जाते. पण ज्यांचा अर्ज फेटाळला गेला त्यांची मोजदाद होते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वंचित राहिलेली व्यक्ती सरकारी नोंदीत नसते, आणि म्हणूनच नोंदीवर आधारलेली पाहणी तिला गाठू शकत नाही.

रस्त्यावर उतरल्यानंतर

अंमलबजावणीतील त्रुटी यंत्रणेकडून समजली नाही, तर ती उद्रेकातून समजते, असाही श्रीपेरुंबुदूरचा अनुभव आहे. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कामगार स्त्रियांच्या वसतिगृहातील अन्नातून अडीचशेहून अधिक जणींना विषबाधा झाली आणि १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. संतप्त कामगार स्त्रियांनी चेन्नई-बंगळुरू महामार्ग रोखून धरला. कारखाना बंद ठेवावा लागला. वसतिगृहातील राहण्याची आणि जेवणाची व्यवस्था आवश्यक त्या दर्जाची नव्हती, हे अॅपलनेही मान्य केले. जानेवारी २०२२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले.

या घटनेनंतर राज्य सरकारने घेतलेल्या निर्णयाची नोंद घेणे उचित ठरेल. ‘सिपकॉट’ने वल्लम वडगल येथे १८,७२० कामगार स्त्रियांसाठी निवासी संकुल उभारले. सुमारे ७०६ कोटी रुपये खर्चाच्या या संकुलाचे उद्घाटन मुख्यमंत्री एम. के. स्टालिन यांच्या हस्ते १७ ऑगस्ट २०२४ रोजी झाले. उणीव लक्षात येताच यंत्रणा तीन वर्षांच्या आत मोठे काम उभे करू शकते, हे यावरून सिद्ध झाले. मात्र हजारो मुली परगावाहून येऊन भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात, ही गोष्ट नोकियाच्या काळापासून या परिसरात सर्वांना दिसत होती. ती धोरणाच्या आढाव्यात येण्यासाठी महामार्ग अडवावा लागला.

त्याच परिसरातील सॅमसंगच्या कारखान्यात ९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झालेला संप ३७ दिवस चालला. वेतनाबरोबरच कामगार संघटनेची नोंदणी हा त्यातील कळीचा मुद्दा होता. संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ हा शब्द असण्यास कंपनीचा आक्षेप होता. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जानेवारी २०२५ मध्ये नोंदणी झाली. नोंदणीची तरतूद करणारा कायदा १९२६ चा होता. जवळजवळ शंभर वर्षांच्या कायद्याची अंमलबजावणी एका अर्जापाशी अडखळली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांत सामावला गेला. कायदा बदलला तरी अर्जाचा निर्णय किती दिवसांत होतो, हे पाहण्याची आवश्यकता संपलेली नाही.

महाराष्ट्राने काय पाहावे

श्रीपेरुंबुदूरचा हा अनुभव महाराष्ट्रासाठी परका नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर गुंतविण्याचा सामंजस्य करार केला होता. त्या वेळी त्याची मोठी प्रसिद्धी झाली. ती गुंतवणूक आली नाही आणि जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी हा प्रकल्प होणार नसल्याचे स्पष्ट केले. मधल्या चार-साडेचार वर्षांत या करारातील रक्कम राज्याच्या औद्योगिक यशाच्या चर्चेत वारंवार उच्चारली गेली. करार झाला म्हणजे गुंतवणूक झाली, असा समज कसा रूढ होतो, याचे हे उदाहरण होय.

तळेगावचे साम्य त्याहून अधिक जवळचे आहे. जनरल मोटर्सने तेथील कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबविले. कामावरून कमी केलेल्या हजाराहून अधिक कामगारांचा लढा न्यायालयांपर्यंत गेला. हा कारखाना नंतर ह्युंदाईने घेतला. याच कंपनीने नव्वदच्या दशकात श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे आपला भारतातील पहिला कारखाना उभारला होता. २०२५ मध्ये तळेगावात पुन्हा मोटारी तयार होऊ लागल्या. राज्याच्या दृष्टीने ही समाधानाची बाब आहे. तथापि कारखाना पुन्हा सुरू होणे आणि आधीच्या कामगारांचे संसार सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकियाप्रमाणे येथेही पहिलीची नोंद सहज सापडते, दुसरीची सापडत नाही.

वास्तविक या विषयात महाराष्ट्राजवळ स्वतःची परंपरा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या आणि १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने बळ दिले. कामाची मागणी करणाऱ्याला ठरलेल्या मुदतीत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे ज्याला काम मिळाले नाही, त्याचीही दखल कायद्याने घेतली. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ ने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. गावात झालेल्या खर्चाचा हिशेब गावासमोर वाचून दाखविण्याची ही पद्धत होती. तिच्या अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, हे खरे असले तरी मूळ विचार मोलाचा होता. कारखान्यांना दिल्या जाणाऱ्या सवलतींना मात्र अशी जाहीर हिशेबाची पद्धत कधीच लागू झाली नाही.

आक्षेप आणि उत्तर

अधिक देखरेख म्हणजे पुन्हा ‘इन्स्पेक्टर राज’, असा उद्योगजगताचा आक्षेप असतो. तो अगदीच निराधार नाही. तपासणीच्या नावाखाली होणारी अडवणूक उद्योजकांनी दीर्घकाळ सोसली आहे. नोकियाच्या प्रकरणातही सरकारच्या दोन हातांनी परस्परविरोधी कृती केल्याने गुंतवणूकदारांचा विश्वास डळमळला होता. शिवाय जागतिक बाजारपेठेतील घडामोडींवर कोणत्याही राज्य सरकारचे नियंत्रण नसते. नोकियाचे फोन लोकांनी घेणे थांबविले, त्याला श्रीपेरुंबुदूरचे धोरण जबाबदार नव्हते. सर्व दोष लक्षात घेऊनही या परिसराने लाखो कुटुंबांच्या उत्पन्नाला हातभार लावला आणि ग्रामीण मुलींसाठी घराबाहेरच्या नोकरीचा मार्ग खुला केला, हे नाकारता येणार नाही.

परंतु येथे मागणी अधिक तपासनीसांची नाही, योग्य प्रश्नांची आहे. १ एप्रिल २०२० रोजी अधिसूचित झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेसाठी केंद्राने सुमारे ४१ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. वाढीव विक्रीच्या ४ ते ६ टक्के रक्कम प्रोत्साहन म्हणून देण्याचे ठरले. पात्रतेच्या अटी गुंतवणूक आणि विक्री यांच्याशी जोडल्या गेल्या. फॉक्सकॉन आणि सॅमसंग यांची निवड या योजनेसाठी झाली. रुपये ज्या गोष्टीवर अवलंबून असतात, ती गोष्ट काटेकोरपणे मोजली जाते. विक्रीचा आकडा म्हणूनच अचूक मिळतो. नोकरी किती काळ टिकली, वेतन किती वाढले, भरतीत कोणाला डावलले गेले, हे आकडे मात्र त्या काटेकोरपणे कोणी मागत नाही.

हे बदलण्यासाठी नव्या मंत्रालयाची आवश्यकता नाही. प्रत्येक मोठ्या सवलत-कराराचे वार्षिक विवरण विधिमंडळासमोर ठेवता येईल. त्यात कंपनीला मिळालेली सवलत आणि कामगारांना मिळालेला लाभ शेजारीशेजारी दाखविता येईल. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून नोकरीचा कालावधी कळू शकतो. कारखाना बंद पडल्यास कामगारांचा दोन-तीन वर्षे मागोवा घेण्याची अट करारातच घालता येईल. आणि जे नाकारले गेले त्यांच्या तक्रारींची स्वतंत्र मोजणी करता येईल.

राजीव गांधी यांच्या नावाने १९९३ मध्ये श्रीपेरुंबुदूर येथे युवक विकासाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. देशातील तरुणांसाठी राबविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचा अभ्यास हे तिच्या कार्याचे एक अंग आहे. तिच्या आसपासच्या कारखान्यांत पाळीमागून पाळी भरते आणि सुटते. त्या बसगाड्यांतून ये-जा करणाऱ्या तरुणींपैकी किती जणी पाच वर्षांनंतरही नोकरीत असतील, हा प्रश्न १९८५ मधील १५ पैशांच्या प्रश्नाचेच आजचे रूप आहे. त्याचे उत्तर मोजून देता येण्यासारखे आहे. ते मोजण्याचे कोणी ठरविते की नाही, यावर पुढील सवलतींचे समर्थन अवलंबून राहील.